मोर उठला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर माझा चहा घशात अडकेल.

जळगावला आमचा प्लास्टिकच्या चटयांचा छोटा कारखाना. उन्हाळ्याच्या तोंडावर कानावर आलं, धुळ्याचे कांतीशेठ मोराच्या चित्राची चटई आणताहेत. कांतीशेठ आमचे जुने स्पर्धक. लग्नसराईत त्यांचा मोर आधी बाजारात उतरला, तर आमच्या रेघारेघांच्या चटया कोण घेणार?

एरवी नवी चटई आम्ही महिनाभर घरात वापरून बघतो. बायको म्हणाली, "निदान चार दिवस तरी अंथरू."

"चार दिवसांत कांतीशेठ गावोगाव पोचतील," मी म्हणालो. मोर छापले आणि माल रवाना केला.

दोनच दिवसांत शिंदखेड्याच्या आमच्या दुकानदाराचा, नानांचा फोन. "भाऊ, मोर बठ्ठा उठी ग्यात."

बठ्ठा म्हणजे सगळा, आणि माल उठला म्हणजे विकला गेला, हे काय मला शिकवायला हवं? म्हटलं, "नाना, आणखी पाठवतो."

"आखो कसाले? लोके दुकानवर ई राह्यनात."

"येणारच. गर्दी आवरा, गाडी निघालीच."

दुप्पट माल पाठवला आणि मागोमाग पेढे घेऊन मीही पोचलो. नानांनी पेढ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. सदरा वर करून माझ्याकडे पाठ केली.

पाठीवर मोर. पिसाऱ्यासकट, हिरवागार.

दुपारी त्या चटईवर जो जो आडवा झाला, त्याच्या पाठीवर घामाने मोर उठला होता. एका नवरदेवाच्या तर हळदीवर.

"फोनवर मी हाईच सांगं ना, भाऊ," नाना म्हणाले.

तरीही नानांनी मला चहा पाजला. मी सगळा माल परत गाडीत भरला आणि वाटेत धुळ्याला कांतीशेठकडे डोकावलो. त्यांचा मोर टिकला कसा, ते बघायचं होतं.

मोर नव्हताच. "घाई कसली?" कांतीशेठ म्हणाले. "रंग धरतो का बघतोय. जमलं तर पुढच्या वर्षी. तुमचा कसा आहे?"

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "जोरात. धुळ्यात मात्र अजून कुणाला दाखवला नाही."

एवढं बोलून मी ऐटीत वळलो आणि दाराकडे निघालो.

"आता दाखवलात की, शेठ," मागून कांतीशेठ म्हणाले.

नानांकडे चहा पिताना मी चटयांच्या थप्पीला टेकून बसलो होतो. आणि शर्ट पांढरा होता.