नवा का जुना

मी एसटीत कंट्रोलर होतो. डेपोतल्या खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठे जाते, कधी सुटते, हे लोकांना सांगायचं, आणि तेही एकदाच. दुसऱ्यांदा कोणी विचारलं की मी खेकसायचो. चुकीच्या गाडीत बसणाऱ्या माणसाची मला कधी दया आली नाही. बोर्ड वाचता येत नाही का, असं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही बोललेलो आहे. निवृत्त झालो तरी स्वभाव काही निवृत्त झाला नाही. घरातले सगळे प्रवास मीच ठरवायचो, फोन मीच करायचो, आणि बायको पिशवी घेऊन मागे यायची.

यंदा शिमग्याच्या आधी तिला एकटीला दुबईला जायचं होतं. आमची मुलगी तिथे असते. पहिल्या खेपेला तिचं बाळ वाचलं नव्हतं. तेव्हा बायकोकडे पासपोर्ट नव्हता, कारण तो काढायचं मी दोन वर्षं ‘बघू, बघू’ म्हणत ढकलत आणलं होतं. मुलगी परक्या देशातल्या दवाखान्यात होती आणि तिची आई इकडे आमच्या बोर्लीत ओट्यावर बसून रडत होती. आता दुसरी खेप. डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केलेली, त्यामुळे लेकीला माहेरी येता येत नव्हतं. म्हणून माहेरच तिच्याकडे चाललं होतं, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी घेऊन. बाळंतपणाचं ऑपरेशन विमानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरलं होतं. “आई, मला आत नेतील तेव्हा तू बाहेर असायला हवीस,” एवढंच मुलगी म्हणाली होती.

बोर्ली पंचतनहून एअरपोर्टला शेअरिंगची गाडी मिळते. आदल्या दिवशी फोन करून नाव सांगायचं, ड्रायव्हर पहाटे दारात येतो, वाटेत आणखी दोनचार जणांना उचलतो आणि सगळ्यांना एकदम नेऊन सोडतो. मी फोन केला तेव्हा त्याने विचारलं, “साहेब, नवा का जुना?”

“नवा! दुबईला नव्यावरूनच जातात. एवढं माहीत नाही आणि गाडी चालवतोस?”

“बरं साहेब,” तो म्हणाला.

विमान दुपारी साडेतीनचं होतं. गाडी साडेपाचला यायची ती सव्वासहाला आली. हरिहरेश्वरला फिरायला आलेलं एक तरुण जोडपं आधीच आत बसलेलं होतं. निघता निघता त्यांना पुन्हा एकदा देवदर्शन करावंसं वाटलं म्हणे. मी काही बोलणार तेवढ्यात बायकोने माझी बाही ओढली. मग इंदापूरला तळा गावाच्या फाट्यावर एक दिल्लीला जाणारा माणूस उभा होता. तो एकटा कसला, त्याच्यासोबत अर्धं गाव. कोणी त्याच्या हातावर दही घालतंय, कोणी नारळ ओवाळतंय, एक म्हातारी त्याचा हात सोडेना. वीस मिनिटं गेली. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो तसा ड्रायव्हर म्हणाला, “शेअरिंगची गाडी हाय साहेब. समद्यांची वाट बघाया लागतं.”

“आमच्या एसटीत असं केलं असतं तर मेमो मिळाला असता!”

“म्हनून तर लोकं आमच्याकडं येतात,” तो म्हणाला आणि ते जोडपं हसलं. मलाही हसू आलं असतं, पण मी ते दाबलं.

पुढे कोलाडला आणि वडखळला गाड्या तुंबलेल्या. पनवेल आलं तेव्हा पावणेबारा झाले होते. तिथे आमची गाडी मुंबईचा रस्ता सोडून उलव्याकडे वळली. बायको हळूच म्हणाली, “अहो, आपण इकडे कुठे?”

“गप्प बस. ड्रायव्हरला रस्ता कळतो,” मी म्हणालो.

गाडी एका मोठ्या, चकचकीत इमारतीसमोर थांबली. जोडपं उतरलं, तळ्याचा माणूस उतरला, आम्ही उतरलो. दारावरच्या जवानाने बायकोचं तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, “माँजी, ये फ्लाइट यहाँ से नहीं है. आपको अंधेरी जाना है.”

मी ड्रायव्हरवर धावून गेलो. तो बिचारा बॅगा उतरवत होता. “साहेब, मी इचारलं व्हतं ना? नवा का जुना?”

आमच्या भागात घरटी एक माणूस आखातात. आधी अंधेरीच्या एअरपोर्टला सगळे सहार म्हणायचे. पुढे तिथे मोठी काचेची इमारत झाली आणि तेव्हापासून मुंबईतला आंतरराष्ट्रीय एअरपोर्ट म्हणजे आमच्याकडे ‘नवा’. मी तोच शब्द धरून बसलो होतो. पनवेलच्या बाजूला, आमच्याच जिल्ह्यात, आता खराखुरा नवा एअरपोर्ट सुरू झालाय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पेपरात रोज वाचत होतो. पण माझ्या तोंडातला नवा जुना झाल्याचं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

ड्रायव्हरला पुढे येता येत नव्हतं. दिल्लीहून उतरलेली श्रीवर्धनची माणसं त्याची वाट बघत उभी होती. तरी धावपळ करून त्याने आम्हाला टॅक्सी मिळवून दिली. “चूक कुनाची न्हाय साहेब, सबूद फिरला,” असं म्हणून त्याने दार लावलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टॅक्सी वाशीच्या खाडीपुलावर येऊन थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. एक वाजला, सव्वा वाजला. डेपोत असतो तर कोणाला तरी फोन लावला असता, कोणाला तरी झापलं असतं. इथे झापायला कोणी नव्हतं. मी मुकाट्याने घड्याळ बघत होतो.

बायको खाडीकडे बघत म्हणाली, “मुलगी बोलली होती मला. आई, अंधेरीच्या एअरपोर्टला ये, पनवेलच्या नको.”

“कधी?”

“परवा. फोनवर.”

“मग मी गाडी सांगत होतो तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुम्ही त्या माणसाला ओरडत होतात. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल.” मग म्हणाली, “आणि मगाशी विचारलं तर गप्प बस म्हणालात.”

ती हे रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. तिने दळणाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. पस्तीस वर्षं मी तिला गप्प बसवलं आणि ती बसली, आणि आता त्याचे चटके माझ्या मुलीला बसणार होते. मला रडू येत होतं. टॅक्सीवाल्यासमोर रडायची लाज वाटली म्हणून मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड केलं.

अंधेरीला पोचलो तेव्हा दोन चाळीस झाले होते. तिकिटावाचून मला आत सोडेनात. बायकोच्या हातात पासपोर्ट आणि कागद दिले, ट्रॉली ढकलून दिली आणि काचेला नाक लावून उभा राहिलो. ती सातवी शिकलेली, आयुष्यात पहिल्यांदा एअरपोर्टवर, कुठे जायचं हे प्रत्येकाला विचारत चालली होती. लोक हाताने दाखवत होते. खूप लांबवर एका काउंटरशी ती थांबली. तिथली मुलगी मान हलवत होती. बायकोने हात जोडले. मग वाकून त्या मुलीच्या पायांकडे गेली की काय, मला नीट दिसलं नाही, मध्ये माणसं आली. मी काच बडवली तसा जवान म्हणाला, “चाचा, पीछे हटिए.”

काउंटर अडीचलाच बंद झालं होतं. पुढची जागा परवाची मिळाली.

ती ट्रॉली घेऊन बाहेर आली आणि कठड्यावर बसली. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मुलगी होती. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

“विमान चुकलं बाळा,” ती म्हणाली. “मी उद्या नसेन.”

पलीकडून मुलीचं रडणं मला तीन फुटांवरून ऐकू आलं. लहानपणी ताप आला की रडायची, अगदी तसं. बायको तिला सांगत होती, आत नेतील तेव्हा श्वास असा घे, घाबरू नको, मी फोन कानाला धरून इथे बसलेली असेन. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला मुलीला सांगायचं होतं की चूक माझी आहे, आईची नाही.

“दे, मी बोलतो,” म्हणत मी हात पुढे केला.

“आता तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून लेकीशी बोलत राहिली.