पद्मजाबाईंनी उघडलेलं चाक

पद्मजाबाईंच्या शेजारी बसून एसटीनं प्रवास करणं अवघड असे. गाडी घाट चढायला लागली आणि खालून नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला की त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. मान किंचित कलती करून त्या ऐकत राहायच्या. दोडामार्गच्या स्टँडवर सगळे उतरून पांगले, तरी पद्मजाबाई ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या. "तिसऱ्या गियरात टाकल्यावरच का हो वाजतं?" ड्रायव्हर आधी हसायचा, मग विचारात पडायचा. त्या दोघांचं बोलणं संपेपर्यंत मी पिशव्या घेऊन उन्हात.

आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. मी साताऱ्याकडची. बदली होऊन आले तेव्हा राहायला जागा मिळेना. त्यांनी स्टाफरूममध्येच विचारलं, "आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. आमच्या घरात फार बोलणं नसतं, तेवढं चालेल का?" हे कसलं विचारणं, असं मला वाटलं. राहायला गेल्यावर त्याचा अर्थ कळला.

घरात तीनच माणसं होती: पद्मजाबाई, त्यांचे वडील आणि धाकटा भाऊ सुहास. वडील काजूची आणि केळीची बाग बघायचे. सुहास रोज बसनं गोव्यातल्या एका कारखान्यात कामाला जायचा. त्याच्या उजव्या पायात सळी होती आणि गुडघा पुरता वाकत नसे. बाप-लेक एकमेकांशी अक्षरही बोलत नसत. जेवताना वडील म्हणायचे, "पद्मू, त्येका इचार, उद्या सुट्टी आसा काय?" सुहास त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. तोही उत्तर द्यायचा ते बहिणीकडे बघूनच.

कारण मांगरात होतं. मांगर म्हणजे बागेतली कौलारू खोपी. तिथे काजूच्या पोत्यांमागे ताडपत्रीखाली एक उंच, हलकी, जुनी मोटारसायकल उभी होती, मातीतल्या शर्यतींसाठी बनवलेली. सुहासनं ती म्हापशाला जुनीच विकत घेतली होती आणि तिच्यावर तो बागेतल्या पायवाटा तुडवत हिंडायचा. मी यायच्या आधीच्या वर्षी एका संध्याकाळी तो वरच्या उतारावरून खाली येताना वळणावर सरळ दगडी गडग्यावर, बागेच्या कुंपणावर, जाऊन आदळला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो एकच वाक्य बोलला, "मी ब्रेक दाबललंय, पण गाडी थांबाक नाय." वडिलांनी खाटेशी उभं राहून सांगितलं, "तुझ्या डोक्याक ब्रेक नाय, गाडयेक खंयसून येतलो?" तेवढंच. त्यानंतर दोघंही गप्प झाले ते झालेच.

हे सगळं मला पद्मजाबाईंनी दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. सांगत होत्या आणि ताडपत्री ओढून काढत होत्या.

"मग आता गाडी कशाला काढताय?"

"सुहास म्हणतो ब्रेक लागला नाही. बाबा म्हणतात त्यानं दाबलाच नाही. दोघांतल्या एकानंही चाक उघडून बघितलं नाही." मग त्या एकदम घरातल्या बोलीवर आल्या. त्या रंगात आल्या की असं व्हायचं. "माका कळूक व्हया गो. रागावाक काय, नंतर पण येता."

त्यांनी मला गाडी ढकलायला लावली आणि स्वतः हँडलवरचा पुढच्या ब्रेकचा दांडा मुठीत आवळून धरला. गाडी अंगणभर चालत राहिली. नुसती कुरकुरली, थांबली नाही. त्यांचा चेहरा उजळला. मला ते विचित्रच वाटलं. आपल्या भावाला मोडून ठेवलेल्या वस्तूपुढे ही बाई नवं खेळणं मिळाल्यासारखी बसली होती. नंतर ध्यानात आलं की त्यांचं प्रेम याच रस्त्यानं चालायचं.

आधी केबल निघाली. आत गंजलेली, काही तारा तुटलेल्या. नवी घालून, तेल सोडून पुन्हा ढकललं. थोडा फरक पडला, पण थोडाच. "म्हणजे आणखी कायतरी आसा," असं म्हणत त्यांनी पुढचं चाक उतरवलं. डिस्क नव्हती, जुना ड्रमचा ब्रेक होता. चाकाच्या मधोमध डब्यासारखा पोकळ भाग असतो आणि ब्रेक दाबला की आतले अर्धगोल शू फाकून त्याच्या भिंतीला घासतात. बाईंनी माझ्याकडून खडू मागून घेतला, दोन्ही शूंना पांढरं फासलं, चाक परत बसवून फिरवलं, ब्रेक दाबला आणि पुन्हा उघडलं.

"हां बघ!"

खडू फक्त टोकांशी पुसला होता. मधला सगळा भाग पांढराच्या पांढरा. शू नावाला लागत होते. बहुतेक भाग ड्रमला शिवतही नव्हता.

त्या खूश होऊन चाकाला बाहेरून जोडलेला ब्रेकचा आखूड दांडा न्याहाळायला लागल्या. केबल हाच दांडा ओढते आणि तो आतले शू फाकवतो. बघता बघता त्या थांबल्या. मग मला मांगराच्या दारापाशी नेलं आणि म्हणाल्या, "कडी धरून दार आपल्याकडे ओढा. उघडलं? आता तीच कडी भिंतीच्या बाजूला ओढा, बिजागरीकडे." दार हललं नाही. "दांड्याचं तसंच झालंय. ओढ चुकीच्या दिशेनं जाते. तो त्याच्या दातेरी खुंटीवर मूळ जागेवरून काढून एक दाता पुढे बसवलाय. शू झिजले की ब्रेक सैल होतो. शू बदलायचे सोडून कुणीतरी दांडा सरकवला. हाताला ब्रेक घट्ट लागतो, पण जोर आत पोचतच नाही."

"कुणी सरकवला?"

त्या पुन्हा चाकाकडे वळल्या. त्या गाडीला सुहासशिवाय कुणी हात लावत नसे, हे मलाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, दांड्याचं घरात सांगू नका. ब्रेक खराब होता एवढं खरंच आहे, तेवढंच सांगा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या उत्तर आधी लिहून मग गणित जुळवणाऱ्या मुलाकडे बघायच्या.

संध्याकाळी सुहास आला. पडवीत वडील सुपारी कातरत बसले होते. बाईंनी दोघांच्या मधे उकिडवं बसून सांगितलं, "सुहास, तू खोटा बोलाक नाय. तू दाबललंस, ब्रेकच लागत नाय होतो. आणि तो नीट लागत नाय, तां तुका आधीच कळलेलां."

अडकित्ता थांबला. सुहास आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"कळलेलां," तो म्हणाला. "शू म्हापशाक गावले नाय. म्हटलां, तवसर दांडो सरकवया. त्याच सांजेक बाबांनी वरचो पंप बंद करूक धाडल्यानी."

वडील उठून आत गेले. त्यांना ते बोलणं दोष दिल्यासारखं वाटलं की कबुली दिल्यासारखं, कुणास ठाऊक. मला वाटलं, झालं, होतं ते बोलणंही आता संपलं.

पण सकाळी वडील अंगणात आले आणि त्यांनी विचारलं, "पद्मू, ह्ये शू नवीन खंय गावतत?"

नवे मिळतच नव्हते. डिचोलीला एक जण जुन्या शूंवर नवं अस्तर चिकटवून देतो असं कळलं. वडील स्वतः जाऊन करून घेऊन आले. नवं अस्तर जाड, त्यामुळे चाक फिरेना. मग पुन्हा खडू. जिथे पुसेल तिथे थोडं घासायचं आणि परत लावून बघायचं. धूळ नाकात जाऊ नये म्हणून वडील ओलं फडकं धरून बसत. बाई घाई करू देत नसत. "घासललां परत चिकटाचां नाय," त्या म्हणायच्या. हळूहळू खडू मधूनही पुसायला लागला. दांडा मूळ जागेवर गेला.

शेवटचं काम शू ड्रमच्या बरोबर मधोमध बसवण्याचं. आसाचा नट सैल ठेवून चाक फिरवायचं, ब्रेक कचकन दाबून तसाच धरायचा आणि धरलेला असतानाच नट आवळायचा. पाना बाईंच्या हातात. सुहास स्टुलावर, चाकापाशी. मी पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, "तुमच्या मुठीत जोर नाय. बाबा, तुमी धरा."

सुहासनं चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं, कारण दाबा म्हणून सांगणार कोण? बाई खाली मान घालून नटाशी खुडबुडत होत्या. चाक थांबलं. त्यानं पुन्हा फिरवलं.

"दाबा," सुहास म्हणाला.

वडिलांनी दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"धरलंय."

"सोडू नकात हां, बाबा."

"नाय सोडनय."

नट केव्हाच आवळून झाला होता. बाई तरीही पाना फिरवल्यासारखं करत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सुहास गाडी घेऊन त्याच उतारावरून आला. वडील वळणाच्या अलीकडे, वाटेच्या ऐन मधे उभे राहिले. बाजूला व्हा, असं मी ओरडले, पण ते हलले नाहीत. गाडी त्यांच्यापासून चांगल्या अंतरावर थांबली. वडिलांनी जवळ जाऊन हँडलवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "पाय दुकता काय रे?" अपघातापासून हा प्रश्न त्यांनी लेकीमार्फतसुद्धा विचारला नव्हता. पद्मजाबाई मात्र खाली बसून ड्रमला बोट लावून बघत होत्या. "ड्रम तापलो, म्हणजे ब्रेक लागता!" त्या आनंदानं म्हणाल्या. "आता मागचो बघूया."

पुढे माझी बदली झाली. इथे साताऱ्यात एकदा गॅरेजमध्ये बसले होते, तर मेकॅनिक शू मधोमध बसवण्याचं तेच काम एकटा करत होता. हँडलवरचा ब्रेकचा दांडा त्यानं सुतळीनं मुठीला बांधून टाकला होता. मी तिथूनच पद्मजाबाईंना फोन लावला. "अहो, ते तर सुतळीनंही होतं! तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्या म्हणाल्या, "म्हायत होतां. पण सुतळी बोलता काय गो?"