झाल्यात जमा

जमाचं खरं नाव ऑफिसात पगाराच्या स्लिपवर तेवढं उरलं होतं. एरवी सगळे त्याला जमाच म्हणायचे, कारण रोज सकाळी टीमपुढे उभा राहून तो एकच वाक्य बोलायचा, "कालचं काम झाल्यात जमा आहे." वर्षभर ऐकलं मी हे. त्याने 'झाल्यात' म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची आणि 'जमा' येईपर्यंत डोकं उठलेलं असायचं.

लोअर परळच्या त्या ऑफिसात टीमकडून सॉफ्टवेअरचं काम पुरं करून घेणं ही माझी नोकरी. दर पंधरवड्याला जे झालं असेल ते क्लायंटला चालवून दाखवायचं, म्हणजे डेमो. आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्याच काय झालं, काय अडलं ते सांगायचं. उभा माणूस कमी बोलतो, अशी त्यामागची कल्पना. ज्याने ती काढली त्याने आमच्या गिरगावातल्या बायका जिन्यात उभ्या राहून किती बोलतात ते बघितलेलं नाही. जमा मात्र खरंच कमी बोलायचा. इतकं कमी, की त्यातून कळायचं काहीच नाही.

काम किती मोठं हे ठरवायला आम्ही पत्ते टाकल्यासारखे आकडे टाकायचो. बाकीच्यांचे आठ, तेरा. जमाचा दोन. "दोन कसं रे?" विचारलं तर म्हणणार, "सोपं आहे मॅडम, हात लावला की झालं." हात तो लगेच लावायचा, नाही असं नाही. पण एकाला लावायचा आणि ते टाकून दुसऱ्याला. भिंतीवरच्या फळ्यावर दर कामाची एक चिठ्ठी असायची; 'चालू'च्या रकान्यात त्याच्या चिठ्ठ्या मावत नव्हत्या आणि 'झालं'च्या रकान्यात औषधालाही एक नाही. त्यातून शेजारच्याचं काही अडलं, की हा स्वतःचं सोडून तिथे जाऊन बसणार. ते मात्र पुरं करूनच उठणार. हुशार, मनाने सोन्यासारखा, आणि स्वतःच्या कामाची ही तऱ्हा. काय करावं अशा माणसाचं?

एका दवाखान्यासाठी आम्ही पेशंटच्या वेळा नोंदवायचं अ‍ॅप करत होतो. डेमोला तिथल्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी 'वेळ रद्द करा' हे जमाचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जमा शांतपणे म्हणाला, "ते झाल्यात जमा आहे." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. आमचे साहेबही. हे साहेब वरच्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि दर भाषणात सांगायचे, "आपल्याकडे कुणी काही लपवायचं नाही." त्यांनी मला बाजूला घेतलं. "पुढच्या डेमोत हे बटण चालताना दिसलं नाही, तर तो मुलगाही दिसणार नाही."

मी जमाला खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि साहेबांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. "नोकरी जाईल तुझी. 'झालं नाही' एवढं म्हणायला जीभ का वळत नाही रे?"

"सवय लागलीय, मॅडम. घरीपण रोज तेच म्हणतो."

त्यांची लालबागची चाळ नव्या बिल्डिंगसाठी पाडली तेव्हा तो कॉलेजात होता. तेव्हापासून बिऱ्हाड अँटॉप हिलला, म्हणायला तात्पुरतं. ऑफिसला येता-जाता तो लालबागवरून जायचा, म्हणून वडील रोज जेवताना त्याला विचारायचे, बिल्डिंग कुठवर आली? तिथे पत्र्यांच्या आड नुसता खड्डा होता.

"आणि तू सांगतोस काय?"

"झाल्यात जमा."

माझा जीव कळवळला. पण राग काही जाईना. "आज जाऊन त्यांना खरं सांग," मी म्हटलं. "तिथे जमलं तर इथेही जमेल."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "सांगितलं बाबांना. खड्डाच आहे म्हटलं."

"मग?"

"भात कालवत होते. म्हणाले, 'माका म्हायती आसा. मी बसने जावन बघून येतंय. तुका बरा वाटूचा म्हणान इचारतंय.'"

पुढच्या डेमोत डॉक्टरबाईंनी बटण दाबलं आणि वेळ रद्द झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकते आहे तोच जमा उभा राहिला. "मॅडम, हे झालेलं नाही. एकदा दाबलं तर चालतं. चुकून दोनदा दाबलं तर दुसऱ्याच पेशंटची वेळ रद्द होते. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या." डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. उद्यापासून पेशंटना देणार होतो आम्ही. आता थांबतो." अस्सा आनंद झाला म्हणून सांगू मला.

साहेबांना नाही झाला. "चाललं होतं ना बटण? मग क्लायंटसमोर बोलायची गरज काय होती?"

"तुम्हीच म्हणता ना, कुणी काही लपवायचं नाही?"

"आपल्या-आपल्यात हो," ते म्हणाले. शुक्रवार त्याचा शेवटचा दिवस ठरला, आणि ते त्याला सांगायचं माझ्यावर आलं. वर्षभर 'झालं, झालं' म्हणत होता तोवर धक्का लागला नाही, एकदा 'नाही' म्हणाला तर चालला घरी. काय म्हणावं या लोकांना.

माझ्याने काही ते सांगवलं नाही; साहेब चिडलेत, एवढंच त्याला म्हटलं. जमा रोज निघताना विचारायचा, "माझं काही कळलं, मॅडम?" मी म्हणायचे, "बोलतेय साहेबांशी. होईल काहीतरी." साहेबांनी तर मला पहिल्याच दिवशी उडवून लावलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांपुढे म्हणाला, "झालं." शेजारच्या मुलीने बटण दोनदा, तीनदा दाबून बघितलं, आणि त्याने आपली चिठ्ठी शेवटच्या रकान्यात लावली. संध्याकाळी बॅग खांद्याला लावून माझ्याकडे आला.

"माझं काही कळलं, मॅडम?"

"अजून तसं नक्की नाही," मी म्हटलं. "साहेब सोमवारी..."

"माहीत आहे मला," जमा म्हणाला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून विचारत होतो."