आगाशे जागच्या जागी

सिंचन खात्यातून निवृत्त झालेले श्रीनिवास आगाशे तीस वर्षं रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर पळत आणि पळता पळता लोकांना सुधारत. थुंकणाऱ्याला, कुत्रं मोकळं सोडणाऱ्याला, फोनवर ओरडणाऱ्याला एकेक वाक्य सुनवायचं आणि पुढे निघायचं. समोरच्याने तोंड उघडेपर्यंत आगाशे वळणापलीकडे. त्यामुळे आपल्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

वडिलांच्या गुडघ्यांच्या काळजीने पुष्करने ट्रेडमिल आणली. आगाशेंनी ती गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून मांडून घेतली. पहिल्याच सकाळी एका बाईंनी खाली फाटकासमोर स्कूटर लावली.

"फाटक आपल्या तीर्थरूपांचं आहे का?" आगाशे कडाडले आणि सवयीने त्यांनी वेग वाढवला.

बाईंनी हेल्मेट काढलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि वर बघून शांतपणे, अगदी सविस्तर उत्तर द्यायला सुरुवात केली. आगाशेंनी वेग आणखी वाढवला. गॅलरी काही मागे पडेना.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी क्षणभर ऐकलं. मग कठड्यावरून वाकून त्या म्हणाल्या, "सावकाश बोला हो. अजून वीस मिनिटं ते इथेच आहेत."