कंग्राळीची विहीर आणि फोटोत नसलेला दोर

प्रकाशक फोनवर म्हणाले, “आक्कांची संमतीची सही आणा, की लगेच छापायला देतो.” म्हटलं, हात्तिच्या, सहीच ना? एका दिवसात जायचं, सही घ्यायची, बेळगावचा कुंदा घ्यायचा आणि परत. तीन दिवस लागले. कुंदा मात्र आणला.

पुस्तक होतं कंग्राळीच्या शेवंताआक्कांवर. लहान मुलांसाठी चित्रमय चरित्र, पानं बत्तीस. कंग्राळी म्हणजे बेळगावला उत्तरेकडून चिकटलेलं शेतकऱ्यांचं गाव. तिथे मुलग्यांना विहिरीत पोहायला शिकवायला बाप, चुलते, मामा, सगळे हजर असायचे. मुलींना कोण शिकवणार? आक्कांनी आधी स्वतःच्या दोन मुलींना शिकवलं, मग शेजारणींच्या, मग अख्ख्या गल्लीतल्या. पाठीला वाळका भोपळा, कंबरेला दोर आणि दोराचं टोक काठावर आक्कांच्या हातात. मला सगळ्यात आवडला तो त्यांचा नेम: पोरगी स्वतःच्या तोंडाने ‘सोडा’ म्हणत नाही, तोवर दोर सोडायचा नाही.

हे सगळं मी आक्कांशी दोनदा फोनवर बोलून आणि एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणावरून लिहिलं होतं. कात्रणातल्या पुसट फोटोत काठावर काष्टा खोचून हसणाऱ्या आक्का आणि खाली पाण्यात तोंड उघडलेली एक मुलगी. फोटोखाली नाव, रेखा. त्या फोटोवरून आमचं मधलं जोडपान केलं होतं, आणि त्याखाली मी झोकात लिहिलं होतं, “रेखा आनंदाने ओरडली!”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वारगेटहून एसटीत बसले. या रस्त्याने जाणार असाल तर तासांचा हिशेब कागदावर ठेवू नका. साताऱ्यापासून कागलपर्यंत जागोजागी रस्त्याचं काम चाललं होतं, आणि वळणरस्त्यांनी जीव नकोसा केला. कोगनोळीचा टोलनाका गेला की पाट्यांवर कन्नड येतं, कानावर मात्र मराठी तशीच राहते. निपाणीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दीड वाजला होता आणि भुकेने डोकं फिरलं होतं. स्टँडजवळच कटवडा मिळतो, झणझणीत रश्श्यात बुडवलेला. दोन खा. तिसरा खाऊ नका, मी खाल्ला.

आमचे चित्रकार शांतिनाथसर इथलेच. तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या जैन घरातले, पण वखारीत न बसता मराठी शाळेत चित्रकला शिकवतात. मला आपलं लेखन मुलांना वाचून दाखवायला अजिबात आवडत नाही, भीती वाटते. पण सर स्कूटरवर घालून थेट चौथीच्या वर्गात घेऊन गेले. “डमी दाखवू या, ताई. पोरं खरं बोलतात.” डमी म्हणजे हाताने शिवलेली नमुना प्रत.

चरित्र लिहिणाऱ्यांनो, हे ऐका. पहिल्या चार पानांत मी आक्कांचा जन्म, आईवडील, गाव, शेत सगळं साग्रसंगीत घातलं होतं. वर्ग जांभया द्यायला लागला. जन्म तर त्या पोरांचाही झाला होता, त्यात नवल काय! विहीर आली तशी मात्र माना वर झाल्या. आणि मधल्या जोडपानाला पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली,

“टीचर, ही पोरगी रडालीया न्हवं?”

“नाही गं, आनंदाने ओरडतेय. लिहिलंय ना खाली.”

“लिवलंय तसं,” ती म्हणाली, “पण रडालीया.”

सगळा वर्ग चित्राकडे टक लावून बघायला लागला. मग एकेक जण “व्हय, व्हय” करायला लागला. बाहेर आल्यावर मी सरांवर चिडले, चेहरा नीट का नाही काढला म्हणून. सर शांतपणे म्हणाले, “चेहरा फोटोत आहे तस्साच काढलाय, ताई. शब्द तुमचे.” मला राग आला, तो मी डमी पिशवीत कोंबून काढला.

सरांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि ताटात कांदा-लसूण नाही. सहा वाजता मी जेवून मोकळी झाले होते. सरांच्या आईंच्या हातची तुरीची आमटी अशी होती, की तीन वडे पोटात असूनही दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बेळगाव. निपाणी सोडल्यावर लगेच तवंदी घाट लागतो, उजव्या खिडकीत बसायला मिळालं तर बघा. सर कंडक्टरशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि मागच्या फौजीशी हिंदीत बोलत होते. बेळगावच्या स्टँडवरून कंग्राळीला सिटी बस मिळते. घाई असेल तर रिक्षा करा, पण भाडं आधी ठरवून घ्या.

शेवंताआक्का सत्तरीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. “आदी भाकरी, मग बुक,” म्हणाल्या. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, ताक. हात धुऊन मग त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि ओळीवर बोट फिरवत वाचलं. मी सहीसाठी पेन काढूनच बसले होते. मधल्या जोडपानावर बोट थांबलं. शब्दांवर नाही, चित्रातल्या दोरावर.

“ह्यो दोर कुठनं आणला, सर?”

सर म्हणाले, “फोटो पुसट होता आक्का. दोर दिसत नव्हता, म्हणून मी घातला.”

“दिसंल कसा? हातात नव्हताच.”

आक्का पुस्तकाकडेच बघत बोलायला लागल्या. “फोटोवाला येणार म्हणून म्या नवं लुगडं नेसलतं. रेखाला पाण्यात उतरून दोनच दिस झालते. त्यो म्हणाला, आक्का, हात वर करा, पोरगी आपल्या आपण पवताना दिसू दे. म्या दोर टाकला. तिला सांगितलं न्हाय. भोपळा होता पाठीला, पण भ्याली की वो लेकरू. दोन गटांगळ्या खाल्ल्या. माझ्या थोरलीनं उडी टाकून काढली. वर येऊन रडाय लागली, तर समदी हसली. मी बी हसले. त्या दिसापासनं रेखा विहिरीवर आली न्हाय.”

“आणि तुमचा तो ‘सोडा’ म्हणायचा नेम?”

“त्यो माझा कुठला? त्यो रेखाचा. तिच्यानंतरचा.”

मला फार वाईट वाटलं, आक्कांचं आणि खरं सांगायचं तर माझ्या जोडपानाचंही. मी समजावायला गेले, की आक्का, लहान मुलांचं पुस्तक आहे, कशाला घालायचं हे? दुसरा एखादा प्रसंग घेऊ. शांतिनाथसरांनी मात्र कालच्या वर्गातली गोष्ट सांगून टाकली. आक्का हसल्या नाहीत.

“पोरांनी वळखलं, आणि तू त्यास्नी न्हाय म्हणालीस?”

मी पेनाला टोपण लावलं.

“हे घाल, मग सही करते. पर आदी तिला इचार. कॅम्पात शिवणाचं दुकान हाय तिचं. बाजारात दिसली की मीच वाट बदलते गं.” एवढं बोलून त्या ताकाची भांडी घेऊन आत गेल्या.

दुपारी आम्ही कॅम्पात, म्हणजे बेळगावच्या लष्करी वस्तीत. जुनी झाडं, चर्च, शाळा, स्वच्छ रस्ते. कुठल्याही गल्लीत विचारलं तरी लोक दुकान दाखवायला दोन पावलं सोबत येतात. रेखाताई पन्नाशीकडे झुकलेल्या, नवरा लष्करातून निवृत्त, दुकानात शाळेच्या गणवेशांचे ढीग. त्यांनी गळ्यातली टेप न काढता सगळं ऐकून घेतलं.

“हे आक्का स्वतः म्हणाल्या?”

“हो.”

“नव्या लुगड्याचं पण?”

“हो.”

मग त्या हसल्या. “जांभळं होतं. मला अजून दिसतंय.” डमी हातात घेऊन बराच वेळ त्यांनी ती दहा वर्षांची पोरगी पाहिली. म्हणाल्या, “पर वर येईपर्यंत मी रडत नव्हते हं. ओरडत होते. ‘आक्का, सोडू नका!’ त्यांनी आदीच सोडलता, मला काय म्हाईत.”

मी विचारलं, “पुस्तकात तुमचं नाव बदलू का?”

“का म्हणून? माझंच हाय की. ऱ्हाऊ द्या.” आणि मशीनवर बसत म्हणाल्या, “लुगडं जांभळं करा तेवढं.”

दुकानातल्या बाकड्यावर बसून शांतिनाथसरांनी खोडरबर काढलं. आक्कांच्या हातातला दोर पुसला, काठावर त्यांच्या पायाशी त्याचं वेटोळं काढलं आणि लुगडं जांभळं रंगवलं. मी “रेखा आनंदाने ओरडली” यावर काट मारली. तिथे आता फक्त रेखाताईंचे ते तीन शब्द आहेत. मुक्काम बेळगावातच केला. सकाळी पुन्हा कंग्राळी. आक्कांनी नवं पान पाहिलं, लुगड्याच्या रंगापाशी थबकल्या, “तिच्या ध्यानात हाय व्हय रंग?” असं पुटपुटल्या आणि सही केली. त्या सहीला एवढा वेळ लागला, की मी दुसरीकडे बघत बसले.

पुण्यात परतल्यावर जन्माची चार पानं काढून टाकली. पुस्तक आता थेट विहिरीच्या काठावर सुरू होतं. चित्रमय चरित्र लिहायचं असेल तर माझं ऐका: ज्याच्यावर लिहिताय त्याला सगळ्यात चांगला दिवस विचारा, पण तेवढ्यावर उठू नका. जो दिवस सांगायला नको वाटतो, तोही विचारा. आणि घरी जाऊन विचारा. फोनवर आक्का मला हे कधीच बोलल्या नसत्या.

कंग्राळीत शिमगा झाला की विहीर सुरू होते, म्हणजे पोरींचं पोहणं. शिमग्यानंतरच्या रविवारी आक्कांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“रेखा आलती.”

“काय सांगता! पाण्यात उतरल्या?”

“न्हाय. खालच्या पायरीवर बसली, पाण्यात पाय सोडून. पर दोर बांधून घेतला कंबरंला.”

“आणि तुम्ही?”

“मी धरून बसले की काठावर. ऊन डोक्यावर आलं. थोरली म्हणाली, आई, पायरीवर तर बसलीया, आता सोड.”

“मग?”

“मग काय? बसले तशीच. ती सोडा म्हणंस्तवर.”