समोरच्या मावशी

सोमाटण्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मावशी राहतात. मूळच्या त्या लोहगडवाडीच्या. मुलाने इथे फ्लॅट घेतला तेव्हा त्याच्यासोबत आल्या. दिवसभर दार उघडं टाकून तांदूळ निवडत बसतात आणि जिन्यात दिसेल त्याला "कुटं निघाला?" म्हणून विचारतात. मला त्याने अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा मी म्हणालो, "मावशी, दार लावून घेत जा. दिवस चांगले नाहीत." त्या म्हणाल्या, "लावलं की कोंडल्यागत व्हतं, भाऊ."

मागच्या महिन्यात एके दिवशी वरच्या मजल्यावरचे म्हातारे भाडेकरू सकाळीच वारले. घरात त्यांच्या पत्नी एकट्याच होत्या; मुलगा हैदराबादहून संध्याकाळी पोचणार होता. आम्ही शेजारी वर गेलो, डॉक्टरांना बोलावलं, मुलाशी बोललो आणि थोडा वेळ थांबून आपापल्या कामाला लागलो.

ऑफिसातून आल्यावर मी पुन्हा वर गेलो. मावशी सकाळपासून तिथेच होत्या, त्या बाईंचा हात हातात धरून. बाईंना तेलुगूखेरीज काही येत नव्हतं, मावशींना मराठीखेरीज. बाई जेवत नाहीत म्हणून मावशींनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"तुमची ओळख होती का?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. नाव बी म्हाईत न्हाई त्यांचं. पण मयताजवळ माणसाला एकटं कसं बसू द्यायचं?"

मुलगा यायला अजून अवकाश होता. मावशी जराशा सरकल्या आणि त्यांनी मला बसायला जागा करून दिली.