कापसात वाजलेला फोन

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, पोलीस, परीक्षेचा निकाल आणि अनोळखी नंबरवरून आलेला फोन, या सगळ्यांना मी सारखीच घाबरते. पण त्या वर्षी मी ज्याला घाबरले तो होता एक फोटो. तळहाताएवढ्या काचेवरचा, मीच काढलेला.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती, मधे शाळा आणि पलीकडे शेतीवाल्यांची घरं. कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडअळीतून वाचलेल्या कापसाला भाव नव्हता, म्हणून जो तो भाव चढायची वाट बघत कापूस घरातच भरून ठेवायचा. खोल्याच्या खोल्या आढ्यापर्यंत पांढऱ्या व्हायच्या. घरची माणसं पडवीत झोपायची आणि दिवसभर अंग खाजवायची, कारण साठवलेल्या कापसातले किडे अंगावर चढतात. आम्ही वेचायला जायचो, मी आणि आई. मी तेव्हा राळेगावला बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टी लागली की वह्या बाजूला ठेवून भावाचा जुना फुल शर्ट अंगात चढवायचा आणि कमरेला ओटी बांधायची. वेचलेला कापूस टाकायला कमरेला जी कापडाची झोळी असते ती ओटी.

ज्यांच्या वावरात आम्ही जायचो त्या घरी आदल्या वर्षी नवी सून आली होती. ती माझ्याच वर्गात शिकत होती. शिक्षण पुरं करू देऊ, असं सासरच्यांनी लग्नाच्या बैठकीत कबूल केलं होतं, आणि अटही घातली होती की कॉलेजातून सरळ घरी यायचं, इकडेतिकडे जायचं नाही. गावच्या थांब्यावर आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या राहायचो. एसटीत ती पुढे बसायची, मी मागे. फाटा ओलांडला, गावचं शेवटचं माणूस उतरलं, की ती उठून माझ्या शेजारी यायची आणि राळेगावपर्यंत तिचं तोंड बंद होत नसे. परत येताना फाट्यावर पुन्हा पुढे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. पायाला वाट कळते तसं दोघींना ते कळत होतं. वेचणीच्या दिवसांत मी तिच्या अंगणात वजनकाट्यापाशी गाठोडं घेऊन उभी असे, तेव्हा ती माझ्याकडे बघायचीही नाही. मला राग यायचा आणि मग स्वतःचाच राग यायचा, कारण मीही तिच्याकडे बघत नव्हते.

बुद्धपौर्णिमेला ती आमच्या घरी आली. घरी प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगून, उन्हातान्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून. आईनं तिला आमच्या ताटात खीर वाढली. तिनं दोनदा मागून घेतली. मग बुद्धाच्या तसबिरीपुढे, मागे निळा झेंडा, हातात खिरीची वाटी आणि गळ्यात नवं मंगळसूत्र, असा आमचा दोघींचा सेल्फी मी काढला. फोन भावानं नुकताच घेऊन दिला होता. जो तो तेव्हा आपण कोण आहोत हे दाखवत सुटला होता. कोणी गाडीवर लिहायचं, कोणी स्टेटसला ठेवायचं, कोणी रिंगटोन लावायचं. माझ्या फोनला जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं ते गाणं होतं, वस्तीतल्या निम्म्या फोनांना होतं तेच. आणि फोनला कुलूप नव्हतं. आईला ते ठिपके जोडून उघडता येईना, म्हणून मीच काढून टाकलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका दिवशी वेचताना फोन शर्टाच्या खिशातून दोनदा मातीत पडला. वाकलं की घसरायचाच. तिसऱ्यांदा मी तो ओटीत टाकला, कापसावर, अलगद. मऊ जागा आहे, काच फुटणार नाही, एवढाच विचार. ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची, हे हातांना इतकं सवयीचं होतं की डोकं त्यात कशाला पडेल. संध्याकाळी गाठोडी मोजून झाली, गड्यानं ती खोलीत नेऊन ढिगावर उलटी केली, आणि मी घरी येऊन हात धुतले. मग शर्टाचा खिसा चाचपला.

भाऊ म्हणाला, रिंग देऊन पाहू. मी त्याचा हात धरला. त्यानंच महिनाभरापूर्वी मला एक व्हिडिओ दाखवला होता, चार्जिंगला लावलेला फोन फुगून पेटलेला, आणि खाली लिहिलेलं की गरम जागी ठेवू नका, पुढे पाठवा. तो खरा होता की बनवलेला, मला आजही माहीत नाही. पण ज्या खोलीच्या दारात कोणी बिडीसुद्धा ओढत नाही, त्या खोलीत माझा फोन पडला होता आणि पडवीत ते सगळे झोपणार होते, तीही. न वाजवावा तर आग. वाजवावा तर ते गाणं त्या घरात, मग फोन कोणाच्या तरी हातात, आणि बोट लावलं की फोटो. तिची परीक्षा मार्चमध्ये होती. फोटो दिसला की तिचं कॉलेज त्याच दिवशी संपणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती. त्यापुढे तिचं काय होईल याचा मी विचार करत नव्हते. तो आपोआप येत होता.

आईला मी निम्मंच सांगितलं. फोन कापसात गेला एवढं सांगितलं. फोटोचं सांगितलं नाही. ती म्हणाली सकाळी मालकाला सांगू. मी म्हटलं, त्यांच्या घरात आपलं गाणं वाजेल. मी चोरी केल्यासारखं आईनं माझ्याकडे पाहिलं.

"गाणं आपलं हाये," ती म्हणाली. "वाजू दे. कायले भेतं?"

सकाळी त्यांच्या घराकडे जाताना मी आईच्या मागे मागे चालत होते. आईनं अंगणातून सरळ सांगून टाकलं. मालक म्हणजे माझ्या मैत्रिणीचे सासरे. त्यांचा चेहराच उतरला. अक्कल गहाण ठेवली होती का, असं ते मला बरंच काही बोलले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सासूबाईंनी खोलीचं दार उघडलं. कापूस उंबऱ्यापर्यंत आला होता. आम्ही दाराशी उभ्या होतो आणि सून तुळशीपाशी हातात बादली घेऊन थांबली होती. आईनं आपल्या बटणांच्या फोनवरून रिंग दिली.

आधी काहीच नाही. मग ढिगाच्या पोटातून, तोंडावर उशी दाबून कोणी गावं तसं, ते गाणं यायला लागलं. मला ते इतकं मोठं कधीच वाटलं नव्हतं. मालक कान देऊन म्हणाले, उजव्या कोपऱ्यातून येऊन राह्यलं. गाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सासूबाई मात्र पदर डोक्यावर सारखा करत राहिल्या.

"मी काढतो," सून म्हणाली. बादली तिथंच टाकून, सासूबाई काही बोलायच्या आत ती कमरेइतक्या कापसात शिरली होती. तिची पाठ आमच्याकडे होती. हात आत, खांद्यापर्यंत. गाणं एकदम मोठं झालं आणि तुटलं. सासूबाईंनी विचारलं, सापडला का? ती हो म्हणाली, पण वळली नाही. पदरात अडकलेला कापूस काढतेय असं दिसत होतं. एक फोन काढायला लागतो त्याहून जास्त वेळ तिनं लावला. मग ती बाहेर आली. केसांत, भुवयांवर कापूस, आणि तिनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला.

त्यांनी आधी तो गालाला लावून पाहिला. थंडा हाये, म्हणाले, आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. माझा सोडून. कारण माणसाच्या हातात दुसऱ्याचा फोन आला की तो उगाच बोट फिरवतोच. मालकांनीही फिरवलं. काय काय भरलं हाये पाहू पोरीनं, असं म्हणत ते फोटो बघायला लागले. आमचं वावर. भाऊ मोटरसायकलवर. आई चुलीपुढे. विहारातली खिरीची पंगत. मी एकेक फोटो मोजत होते, आता पुढचा, आता पुढचा. माझी मैत्रीण बादली उचलून तुळशीला पाणी घालत होती, आणि पाणी वृंदावनावरून वाहून तिच्या पायावर पडत होतं तरी ती घालतच होती. पंगतीनंतर एकदम माझ्या हॉलतिकिटाचा फोटो आला. मालकांनी फोन आईला दिला आणि ते गड्याला हाका मारत निघून गेले.

घरी येऊन मी पाहिलं. सेल्फी गेला होता. कॉलेजच्या गॅदरिंगमधले, एसटीतले, जिथं जिथं तिचा नुसता हात होता तेही फोटो गेले होते. आमचे मेसेज गेले होते. तिचा नंबरही गेला होता, आणि तो मला पाठ नव्हता. तिनं कापसात उभ्या उभ्या, सासरच्यांकडे पाठ करून, माझ्या फोनातून स्वतःला पार पुसून काढलं होतं. ती वाचली याचा मला आनंद झाला. आणि मी रडले, हेही खरं आहे.

पुढे दीड महिना ती एसटीत पुढेच बसली, फाटा गेल्यावरही. जानेवारीत एका सकाळी येऊन शेजारी बसली. तिनं हात पुढे केला. मी फोन दिला. तिनं सगळे फोटो पाहिले, मेमरी कार्डातलेही, एकेक, राळेगाव येईस्तोवर. अजून कुठं ठेवला आहेस का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. तिचा माझ्यावर विश्वास होता, तरी तिनं पाहिलं, आणि मला ते समजत होतं.

"राग नको मानू," ती म्हणाली. "घरी माहा फोन रोज पाहतेत."

मग तिनं स्वतःचा फोन काढून मला माझा नंबर दाखवला. माझं नाव तिथं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, ब्लाऊजवाली. लग्न झाल्या दिवसापासून तसंच होतं म्हणे. तूही माझं काहीतरी दुसरंच टाक, असं तिनं सुचवलं. मी तिचा नंबर पुन्हा घेतला आणि वर 'कॉलेज ऑफिस' लिहिलं. आम्ही दोघी हसलो. हसायला लागल्यावर जरा बरं वाटलं, एवढंच.

मार्चमध्ये आमचे तीन पेपर झाले होते, दोन राहिले होते. दुपारी आई अंगणात तूर पाखडत होती, मी शेजारी वही घेऊन बसले होते. 'कॉलेज ऑफिस'चा फोन आला. मी उचलला, आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"ब्लाऊजवाली बोलून राह्यली काय?"

 नाही म्हणाले असते तर ती तिथल्या तिथे पकडली गेली असती. मी आवाज बारीक करून म्हटलं, हो बाई. त्या म्हणाल्या, आमची सूनबाई सारखी तुझ्याशी बोलते, इतकं काय शिवते तू तिचं? मी सांगितलं, दोन ब्लाऊज आहेत, अस्तराचं कापड मिळालं नाही, पुढच्या आठवड्यात देतो. मला सुईत दोरा ओवता येतो, त्यापलीकडे शिवण मला येत नाही. पण शब्द येत गेले, नरम, वाकलेले, आईनं मला कधीच न शिकवलेले. पलीकडे त्यांच्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं, आणि ते घासणं मधेच थांबलं.

"कोणाची हायेस तू?" सासूबाईंनी विचारलं. "आडनाव काय?"

आमच्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, माहेर मुकुटबनकडलं. आणि एक आडनाव सांगितलं, त्यांना चालेल असं. मोठ्यानं सांगावं लागलं, कारण रेंज जात होती. त्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तिचे उरलेले दोन पेपर झाले. ती पास झाली. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी फोन खाली ठेवला तेव्हा सूप थांबलं होतं. आई माझ्याकडे पाहत होती.

"हे आडनाव कोणाचं हाये?" तिनं विचारलं.

मी मान खाली घातली. ती सूप उचलून तूर पाखडायला लागली.